हाताला उत्तर देणारं खेळणं : अंध-बहुविकलांग मुलांसाठी घरी काय बनवावं, कसं खेळवावं

वाढदिवसाला पाहुण्यांनी आणलेली खेळणी अनेक घरांत कपाटावर पडून असतात. बटण दाबलं की गाणं वाजवणारा प्लॅस्टिकचा कुत्रा, लुकलुकणारी गाडी, मऊ अस्वल. ज्या मुलाला दिसत नाही, शिवाय हातपाय कडक आहेत, किंवा ऐकू कमी येतं, किंवा समज वयाच्या बरीच मागे आहे, त्याला या वस्तूंचं करायचं काय हेच उमगत नाही. दोन-चारदा हातात दिल्यावर मूल ती टाकून देतं आणि घरचे म्हणतात, "याला खेळण्यांत रसच नाही." मुंबईत घरोघरी जाऊन अशा मुलांबरोबर काम करताना हे वाक्य सतत कानावर येतं. रस असतो हो. वस्तू चुकीची असते, नाहीतर ती चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी दिलेली असते.

प्लॅस्टिकचा हत्ती दिसणाऱ्या मुलाला हत्ती वाटतो, कारण त्याने चित्रात हत्ती पाहिलेला असतो. न पाहिलेल्या मुलाच्या हातात तो चार टोकं असलेला गुळगुळीत तुकडा असतो, बस्स. म्हणून माझी कसोटी एकच आहे : मुलाने स्वतः केलेल्या हालचालीला वस्तूने लगेच, त्याच ठिकाणी उत्तर दिलं पाहिजे. हात लागला की वाजली, हलली, थरथरली, गार लागली, वास आला. महागडी खेळणी या कसोटीला अनेकदा उतरत नाहीत आणि फडताळातला स्टीलचा डबा उतरतो.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काहीही विकत घेण्याआधी एक वही करा. त्यात मुलाची स्वतःची, कुणी न करवता होणारी हालचाल लिहा. कुणाचा डावा हात बाहेरच्या बाजूला फेकला जातो, कुणाची फक्त टाच गादीवर घासते, कुणी जीभ बाहेर काढतं, कुणी मान एकाच बाजूला वळवतं. "काहीच करत नाही" असं लिहायची वेळ आली, तर आणखी थोडं जवळ बसा. श्वासाची लय बदलणं, एकदम स्तब्ध होणं हीसुद्धा हालचालच आहे. पुष्कळ अंध मुलं लक्ष देऊन ऐकताना हातपाय पूर्ण थांबवतात आणि आपल्याला वाटतं की ते सुस्तावलंय.

मग बघा, ही हालचाल कोणत्या स्थितीत जास्त होते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या काही मुलांची मान उताणं झोपवल्यावर एका बाजूला वळते आणि त्या बाजूचा हात सरळ ताठ होतो, त्यामुळे दोन हात एकमेकांना भेटतच नाहीत. त्याच मुलाला कुशीवर झोपवून पाठीशी घट्ट गुंडाळलेल्या गोधडीचा आधार दिला, तर दोन्ही हात छातीसमोर येतात. निम्मं काम तिथेच होतं. खुर्चीत बसवायचं असेल तर पाय टेकलेले हवेत. पाय लोंबकळत असले की मुलाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि हात कशातही घालता येत नाहीत. कोणती स्थिती सुरक्षित, हे तुमच्या फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून ठरवून घ्या, विशेषतः गिळायला त्रास होत असेल किंवा कंबरेचा सांधा सरकलेला असेल तर.

दिवसातली वेळही टिपून ठेवा. फिट्सचं औषध दिल्यानंतर काही मुलं पेंगतात, त्या वेळी खेळायला बसवून उपयोग नाही. घरातला आवाज तितकाच महत्त्वाचा. टीव्ही, मिक्सर, खालून जाणारी लोकल, गॅलरीतल्या गप्पा हे सगळं एकदम कानावर येत असताना छोट्याशा घुंगराचा आवाज ओळखायचा तरी कसा? चाळीत पूर्ण शांतता मिळणार नाही, पण दुपारी दोन-तीनच्या सुमारास टीव्ही बंद ठेवून अर्धा तास काढता येतो. पंखा चालू असला तरी हरकत नाही, त्याचा आवाज एकसुरी असतो.

आणखी एक गोष्ट पक्की करून घ्या : मुलाला खरंच काहीच दिसत नाही का? अंध म्हणून नोंद झालेल्या अनेक मुलांना उजेड, सावली किंवा हलणारी वस्तू जाणवते. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, तर कधीकधी डोळे ठीक असूनही मेंदूपर्यंत पोचलेलं चित्र नीट उलगडत नाही. याला सीव्हीआय म्हणतात. अशा मुलांना बरेचदा लाल किंवा पिवळी, हलणारी, काळ्या कापडासमोर एकटीच धरलेली वस्तू आधी दिसते. वस्तूकडे हात नेताना ती तोंड दुसरीकडे वळवतात. हा हट्ट नाही. बघणं आणि हात पोचवणं ही दोन कामं त्यांना एकाच वेळी जमत नाहीत. असं मूल असेल तर स्पर्शाची खेळणीच वापरा, पण रंग लाल-पिवळा निवडा.

वस्तू निवडताना

स्वयंपाकघरातून सुरुवात करा. स्टीलची वाटी, फुलपात्र, लाकडी चमचा, छोटं लाटणं, रवी, सिलिकॉनचा ब्रश, धातूच्या बांगड्या, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी. घोसाळं वेलीवरच वाळलं की आत जी जाळी उरते, ती आमच्याकडच्या मुलांची फार आवडती आहे : हलकी, खरखरीत, दाबली की परत फुगणारी. काथ्याचं पायपुसणं, खणाचा तुकडा, साडीचा जरीचा काठ. बाहेर जायचं असेल तर भुलेश्वरच्या गल्ल्यांत घुंगरं, गोंडे, लेस मिळतात, क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटला प्लॅस्टिकच्या डब्या, ब्रश आणि खेळणी. रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका. मुलाच्या मुठीत बसेल असा एखादा चमचा सोबत न्या आणि नवी वस्तू त्याच्याशी ताडून बघा. फार हलकी वस्तू काही मुलांना हातात आहे की नाही हेच कळत नाही, अशांना वजनदार स्टील बरं. ज्यांच्या हातात जोर नाही त्यांना बोटाच्या एका धक्क्याने हलेल असंच हवं.

साधा खुळखुळा कानाशी वाजवून "घे, घे" म्हणण्याची सवय आपल्या सगळ्यांना असते. आवाज येतोय म्हणजे तिथे एक वस्तू आहे आणि हात नेला तर ती सापडेल, हे अंध बाळाला आपोआप कळत नाही. दिसणारं बाळ काही महिन्यांतच समोरच्या वस्तूकडे हात नेतं. नुसत्या आवाजाच्या रोखाने हात नेणं अंध बाळाला साधारण वर्षाच्या आसपास जमू लागतं आणि सोबत इतर अडचणी असतील तर आणखी पुढे. म्हणून आधी स्पर्श, मग आवाज. खुळखुळा मुलाच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवा, तिथेच राहू द्या आणि त्याच्याच हालचालीने वाजू द्या.

स्पर्शच नको वाटणारी मुलं असतात. तळहात चटकन मागे घेतात, मुठी आवळतात. त्यांच्या तळहातापाशी लगेच जाऊ नका. पाय, पोटऱ्या, कोपराखालचा हात इथून सुरुवात करा. हलकी गुदगुली त्रासदायक वाटते, घट्ट आणि स्थिर दाब सोसतो. आधी कोरडं आणि टणक, मग राजमा किंवा काबुली चण्यांसारखं दाणेदार, मग पीठ आणि अगदी शेवटी भिजलेली कणीक किंवा ओली वाळू. स्टील द्यायचं तर आधी तुमच्या तळव्यात धरून जरा कोमट करा.

काही मुलांचे हात वळलेले असतात, पण पाय मोकळे असतात. त्यांना पायाने खेळू द्या. ताटलीला, वाटीला पाय लागला की आजीचा हात आपसूक कपाळाकडे जातो, हे अनेक घरांत पाहिलं आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे खेळण्याची भांडी वेगळी ठेवायची आणि त्यांना लाल दोरा बांधायचा, म्हणजे जेवणाची भांडी पायाशी जात नाहीत. बहुतेक आज्या नातवाच्या टाचेने वाजलेली ताटली एकदा ऐकल्यावर स्वतःच दुसरी काढून देतात.

पहिलं साधन : वाजणारी फळी

बहुविकलांग अंध मुलांच्या शिक्षणात डेन्मार्कच्या लिली नील्सन (१९२६–२०१३) यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांची चार भावंडं जन्मापासून अंध होती आणि त्यांतल्या धाकट्याची जबाबदारी त्यांच्यावर लहानपणीच आली. मूल स्वतः करून शिकतं, त्याचा हात धरून करवून घेतल्याने नाही, हे त्यांचं म्हणणं आणि त्यातून त्यांनी साधी, सुताराकडून करून घेता येतील अशी साधनं तयार केली. रेझोनन्स बोर्ड हे त्यांतलं सगळ्यात उपयोगी. मूल या फळीवर झोपलं किंवा बसलं की त्याची प्रत्येक हालचाल फळी मोठी करून परत देते : टाच घासली तर आवाज येतो आणि त्याची थरथर पाठीला, डोक्याला जाणवते. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही थरथर कळते.

करायची अशी. ४ मिलिमीटर जाडीचा प्लायवुड घ्या. पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची येते, निम्म्यात कापली की ४ बाय ४ ची फळी मिळते आणि उरलेली निम्मी दुसऱ्या पालकांना देता येते. खालच्या बाजूला चारही कडांना साधारण २ सेंटिमीटर जाडीची लाकडी पट्टी फेव्हिकॉल आणि खिळ्यांनी बसवायची. मधला सगळा भाग खालून पोकळ राहिला पाहिजे. इथे सुताराशी वाद होतो, हे आधीच सांगून ठेवते. त्याला फळी लपलपताना दिसते आणि तो चांगुलपणाने मध्ये एक आडवी पट्टी ठोकून देतो. ती ठोकू देऊ नका. लपलपणं हेच तिचं काम आहे. सनमायकाही नको, आवाज बसतो. वरची बाजू आणि कडा बारीक सँडपेपरने इतक्या घासा की नायलॉनचा मोजा फिरवला तर धागा अडकणार नाही. मग पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचे दोन हात द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत फळी हवेशीर ठेवा. मूल तिला चाटणारच आहे.

फळीवर चटई, गादी, दुपटं काही घालायचं नाही. मुलाला पातळ सुती कपडे, पाय उघडे. पहिल्यांदाच मुलाला फळीवर झोपवून दूर होऊ नका. तुमच्या मांडीवर घेऊन फळीवर बसा, मग हळूहळू त्याचे पाय फळीला लागू द्या. ज्यांचं अंग अचानक आवाजाने दचकून ताठ होतं त्यांना हा टप्पा जास्त दिवस लागतो. नंतर हाताच्या टप्प्यात स्टीलची वाटी, लाकडी चमचा, थोडी लिंबं ठेवा.

जागेचा प्रश्न मुंबईत असतोच. ४ फुटांची फळी कॉटच्या मागे किंवा दाराआड उभी राहते. तेवढीही जागा नसेल तर ३ बाय ३ ची करा, लहान मुलाला पुरते. खालच्या मजल्यावर आवाज जातो, म्हणून शेजाऱ्यांना एकदा घरी बोलावून फळी दाखवा. तक्रारी बहुतेक तिथेच थांबतात.

दुसरं : टांगलेल्या वस्तूंची छोटी खोली

दिसणाऱ्या मुलाच्या हातून खेळणं पडलं तर ते खाली बघतं. न दिसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ते जगातूनच गेलं. पुन्हा पुन्हा असं झालं की मूल शोधणंच सोडून देतं. नील्सन यांच्या 'लिटल रूम'ची सारी कल्पना यावर उभी आहे : मुलाचं डोकं आणि छाती मावेल एवढी चौकट, तिच्या छताला आणि बाजूंना इलॅस्टिकने बांधलेल्या वस्तू. सोडली तरी वस्तू आपल्या जागी परत येते. आज वाटी उजव्या हाताशी आहे, उद्याही तिथेच असते. मुलाला जागा पाठ होते आणि एक दिवस ते नेमकं तिथेच हात नेतं.

घरगुती चौकटीला एक इंचाचा पीव्हीसी पाइप आणि कोपऱ्यांचे जोड पुरतात, नळसामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतात. रुंदी दोन फूट, खोली दीड फूट, उंची मुलाच्या छातीपासून त्याचा वाकलेला हात सहज पोचेल इतकी, बहुतेकांना सव्वा फुटाच्या आत. छताला आडव्या-उभ्या पाइपांची जाळी करा. पाइपाचे जोड सोल्यूशनने चिकटवा, नुसते खोचून ठेवू नका. चौकटीचे पाय जमिनीशी किंवा कॉटच्या दांड्यांशी घट्ट बांधा, मग स्वतः एका हाताने जोरात ओढून बघा. जागचं हललं तर मुलाला आत घालायचं नाही.

इलॅस्टिक शिंप्याकडे असतं ते, अर्धा इंच रुंद. ताणल्यावरही एका वितीपेक्षा लांब होऊ नये, म्हणजे मानेभोवती वेढा पडणार नाही. वस्तू इतक्या जवळ टांगा की मुलाने नकळत हात हलवला तरी काहीतरी लागेल. जोड्या लावल्या तर फार छान : स्टीलचा चमचा आणि शेजारी लाकडी चमचा, गुळगुळीत वाटी आणि खरखरीत घोसाळ्याची जाळी, एक बांगडी आणि तीन बांगड्यांचा जुडगा. तुलना करण्याची सुरुवात अशीच होते. एका वेळी आठ-दहा वस्तू भरपूर झाल्या.

घाटकोपरच्या एका घरात पाच वर्षांची एक मुलगी आहे, पूर्ण अंध, बसता न येणारी. तिच्या डाव्या हाताशी बांगड्यांचा जुडगा टांगला होता. सुरुवातीला हात चुकून लागायचा, आवाज झाला की ती गप्प व्हायची. मग तिने हात लावून थांबायला सुरुवात केली. ऐकायची, पुन्हा लावायची. एका दुपारी तिने जुडगा पकडून तोंडाशी ओढला, दातांवर आपटला आणि सोडून दिला. जुडगा वर जाऊन वाजला. ती हसली आणि तिने हात पुन्हा वर नेला, थेट तिथेच. तिची आई बाजूला बसून तोंडावर पदर धरून होती. तिला सांगितलं होतं, बोलायचं नाही.

बोलू नका, हात ओढू नका

ही सूचना पालकांना सगळ्यात अवघड जाते. मूल वस्तूशी गुंतलेलं असताना "अरे वा, शाब्बास, बघ कसं वाजतंय" असं म्हटलं की त्याचं लक्ष तुटतं आणि बहुतेकदा ते हात थांबवून तुमच्याकडे कान देतं. पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, काही मुलं त्या दिवशी पुन्हा सुरूच करत नाहीत. त्याने स्वतः थांबून तुमच्याकडे मान वळवली, आवाज काढला, की मग बोला. "बांगड्या वाजवल्यास तू" एवढं पुरे.

दुसरी गोष्ट हाताची. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून त्याला वस्तूवर दाबणं आपण सहज करतो. डोळे नसलेल्या माणसाचे हात हेच त्याचे डोळे, त्यांना असं पकडलं की मूल हात मागे घेऊ लागतं आणि पुढे कुणी हाताला धरलं तरी ताठ होतं. त्याऐवजी तुमचा हात त्याच्या हाताखाली सरकवा. तुमची बोटं वस्तूवर, त्याची तुमच्या बोटांवर. तुम्ही काय करताय हे त्याला कळतं आणि वाटेल तेव्हा हात काढून घेता येतो. वाटीच्या कडेवरून बोट फिरवा, थांबा. त्याचं बोट हळूच तुमच्या बोटावरून उतरून वाटीला लागेल. नसेल लागत तर आज नाही. कणीक मळताना, घेवड्याच्या शेंगा मोडताना, फुलांची वेणी उलगडतानाही हीच पद्धत.

मग वाट बघणं. एखाद्या मुलाला स्पर्श जाणवून त्यावर हालचाल करायला अर्धा मिनिट, मिनिटसुद्धा लागतो. आपण पाच सेकंदांत दुसरी वस्तू पुढे करतो. मनातल्या मनात साठपर्यंत मोजा.

पुढच्या पायऱ्या

मूल वस्तू धरून सोडू लागलं की स्टीलचा डबा आणि लिंबं. लिंबू मुठीत बसतं, गिळलं जात नाही, वास देतं आणि डब्यात पडलं की मोठा आवाज होतो. टाकणं आणि काढणं जमलं की झाकणाला लिंबाएवढं भोक पाडून धार पूर्ण घासून घ्या, आता नेम धरावा लागतो. सोलापुरी चादर आणि मांजरपाटाचे तुकडे वेगवेगळ्या टोपल्यांत घालणं, मोठ्या झाकणात लहान झाकण बसवणं हे त्यापुढचं.

दिवसाचा क्रम कळण्यासाठी वस्तूंचीच भाषा वापरायची. ही पद्धत नेदरलँड्सच्या यान फान दाइक यांनी १९६०च्या दशकात बहिऱ्या-अंध मुलांसोबत विकसित केली. खोक्याचे तीन-चार कप्पे, डावीकडून उजवीकडे. पहिल्यात आंघोळीच्या पंचाचा तुकडा, दुसऱ्यात जेवणाचा चमचा, तिसऱ्यात बाहेर जायचं त्याची वस्तू. शेवटी एक झाकणाचा डबा : काम झालं की वस्तू त्यात, म्हणजे "संपलं". वस्तू निवडताना एक काळजी घ्या. बसने जायचं असेल तर खेळण्यातली बस ठेवू नका. बेस्टच्या बसमध्ये तुमच्या मुलाच्या हाताला नेमकं काय लागतं? उभा दांडा. मग तेवढ्याच जाडीच्या स्टीलच्या पाइपाचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना रबरी टोप्या घालून. शाळेसाठी दप्तराचा पट्टा. सुरुवात एकाच वस्तूने करा आणि प्रत्येक वेळी तीच वस्तू, कृतीच्या अगदी आधी द्या. आज चमचा, उद्या वाटी असं केलं तर अर्थच लागत नाही.

स्पर्शाची पुस्तकंही अशीच खऱ्या अनुभवातून. दादर चौपाटीवर गेलात तर तिथला एक शिंपला, पाय पुसलेल्या टॉवेलचा तुकडा, चण्याच्या पुडीचा कागद. प्रत्येक जाड पुठ्ठ्यावर एकच वस्तू, घट्ट शिवलेली, पानं नाडीने ओवलेली. शिंपल्याची उठावदार बाह्यरेषा काढून काही उपयोग नाही, शिंपलाच लावा.

ज्यांची एकच हालचाल पक्की आहे त्यांना मोठ्या बटणाने चालणारा छोटा पंखा किंवा थरथरणारी उशी देता येते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या खेळण्याला बाहेरून स्विच जोडून देणारे कारागीर लॅमिंग्टन रोडला सापडतात. विजेच्या बोर्डाला जोडायचं काहीही नको, फक्त सेल.

बोटं नेटकी चालू लागली आणि समज असेल, तर सहा खळग्यांचा अंड्यांचा ट्रे आणि त्यात बसणारे सहा चेंडू घ्या. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांच्या चौकटीत बसतं, ती चौकट हाताला आधी मोठी भेटू दे. सगळी मुलं ब्रेलपर्यंत जाणार नाहीत. म्हणून वाटी आणि चमच्याचं मोल कमी होत नाही.

सुरक्षितता आणि पावसाळा

तोंडात घालणं थांबवू नका. जीभ आणि ओठ फार बारीक स्पर्श ओळखतात आणि अंध मूल मोठेपणीही त्यांचा उपयोग करतं. म्हणून वस्तूच तशा निवडायच्या. टॉयलेट पेपरच्या आतल्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तोंडात घालणाऱ्या मुलाला एकटी द्यायची नाही. राजमा, रिठे, घुंगरं द्यायची तर जाड पारदर्शक बाटलीत भरून, झाकण चिकटवून त्यावर टेप. बटण-सेल आणि लोहचुंबक असलेली खेळणी घरात आणूच नका, दोन्ही पोटात गेली तर आतडी फाटू शकतात. बटण-सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा. फुगे आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणीही नकोत. पितळी किल्ल्यांत शिसं असू शकतं, चाटणाऱ्या मुलाला त्या देऊ नका. लोकरीचे गोंडे ओढून बघा, धागा सुटला तर बाद. विकतचं खेळणं घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. फिट्स येणाऱ्या मुलासमोर लुकलुकणारे दिवे नकोत. टांगलेल्या वस्तूंखाली मूल असताना खोलीत मोठं माणूस हवंच, दाराची बेल वाजली तर आधी मुलाला बाहेर काढायचं.

जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. काथ्या, घोसाळं, पुठ्ठा यांना बुरशी धरते, स्वस्त घुंगरं गंजतात. या महिन्यांत स्टील, सिलिकॉन, लाकूड हेच पुढे ठेवा, बाकीचं उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह बंद. फळीचा खालचा भाग दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. लाळ लागलेली भांडी रोज साबणाने धुवा. इलॅस्टिक दमटपणाने सैल पडतं, ते दर महिन्याला बदलायचं, स्वस्तच असतं.

मुंबईत मदत कुठे

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'नॅब', १९५२ पासून काम करते, तिचं कार्यालय वरळीला आहे. मूल अंधही आहे आणि त्याला ऐकूही येत नाही असं असेल, तर १९७७ साली सुरू झालेल्या हेलन केलर इन्स्टिट्यूटशी आधी बोला. ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे. अंध मुलाची श्रवण तपासणी अनेकदा राहूनच जाते, ती करून घ्याच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगता हा स्वतंत्र प्रकार आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढताना फक्त अंधत्व नोंदवून थांबू नका, बाकीच्या अडचणीही लिहून घ्या. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' या आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, बहुविकलांग मुलं त्यात बसतात.

वस्तू कधी बदलायची

सुरुवातीची वही पुढेही चालू ठेवा. तारीख, कोणत्या वस्तूला हात लावला, किती वेळ, काय केलं : लावला, पकडला, आपटला, ओढला, सोडला, दोन वस्तू एकमेकींवर वाजवल्या. तेच तेच करतंय म्हणून कंटाळून वस्तू काढू नका. मूल एकच हालचाल शेकडो वेळा करतं तेव्हा ते ती पक्की करत असतं. काही आठवडे त्या वस्तूकडे हातच गेला नाही, तर ती एक काढा आणि तिच्या जागी तिच्यासारखीच पण एका बाबतीत वेगळी वस्तू लावा, स्टीलच्या वाटीऐवजी करवंटी. बाकीच्या सगळ्या जागच्या जागी. नव्या वस्तूकडे त्याने पाठ फिरवली, तर ती उतरवून ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा टांगून बघा.